गळासाठी लागणाऱ्या जिवंत आमिषाची साठवण व निगा

नदी, तलाव, धरणाचा जलाशय किंवा खाडी यांच्या काठी राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांना गळाच्या मासेमारीचा आधार असतो. जाळ्याला भांडवल लागते. गळाला फारसे लागत नाही. शेतीची कामे संपल्यावर किंवा पाऊस लांबल्यावर एखादा अल्पभूधारक शेतकरी काठी, दोरी व दहावीस गळ घेऊन तलावावर जातो आणि घरच्या कालवणाची सोय करतो. कधी चार मासे बाजारातही नेतो. परंतु गळ कितीही चांगला असला, तरी त्याला लावलेले आमिष निर्जीव व कुजके असेल तर मरळ, शिवडा, वाम यांसारखे शिकारी मासे त्याकडे सहसा वळत नाहीत. हे मासे भक्ष्याच्या हालचालीने आकर्षित होतात. म्हणून गळावरचे आमिष जिवंत व चपळ असणे अगत्याचे आहे.

अडचण येते ती येथेच. आमिष मिळविण्यास संध्याकाळचे दोन तास खर्च होतात. ते रात्रभर एखाद्या डब्यात कोंबून ठेवले जाते आणि पहाटे झाकण उघडावे तो निम्मे मेलेले व उरलेले मरणाच्या पंथाला लागलेले दिसते. मग तो दिवस पुन्हा आमिष शोधण्यात जातो. अशा वेळी दोष नशिबाला दिला जातो; वास्तविक तो साठवणीच्या पद्धतीत असतो. आमिषाचे प्राणी का मरतात हे एकदा नीट समजले, म्हणजे त्यांना टिकविणे अवघड नाही व त्यासाठी विशेष खर्चही येत नाही. या लेखात गांडुळे, लहान मासे, झिंगे व खेकडे यांची साठवण कशी करावी, वाहतूक कशी करावी आणि उरलेल्या आमिषाचे काय करावे, याचा विचार केला आहे.

आमिष का मरते?

आमिषाच्या मृत्यूची मुख्य कारणे पाच आहेत: प्राणवायूची कमतरता, उष्णता, स्वतःच्याच मलमूत्राने दूषित झालेले पाणी अथवा माती, भांड्यातील विषारी अंश आणि हाताळताना झालेली इजा.

यांपैकी पहिली दोन कारणे एकमेकांशी निगडित आहेत. पाणी जसजसे तापते तसतसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशांच्या पाण्यात तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमच मावतो. उलट, पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे जमा कमी आणि खर्च जास्त, अशी दुहेरी ओढाताण होते.

एका साध्या हिशोबाने ही गोष्ट स्पष्ट होईल. बादलीत 20 लिटर पाणी असून त्याचे तापमान 30 अंश आहे असे धरू. त्यात सुमारे 150 मिलिग्रॅम प्राणवायू असेल. प्रत्येकी दीड ग्रॅम वजनाचे 40 मासे त्यात सोडले, तर माशांचे एकूण वजन 60 ग्रॅम होते. दर ग्रॅम वजनास ताशी अर्धा मिलिग्रॅम प्राणवायू लागतो असे हिशोबापुरते धरले, तर ताशी 30 मिलिग्रॅम खर्च होईल. लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की बहुतेक मासे धापा टाकू लागतात; म्हणजे 150 पैकी 60 मिलिग्रॅम राखून ठेवले पाहिजेत व खर्चास 90 मिलिग्रॅमच उरतात. ही शिल्लक तीन तासांत संपते. हवेतून पाण्यात थोडा प्राणवायू सतत शिरत असतो, म्हणून प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ मिळेल. परंतु संध्याकाळी भरलेली बादली पहाटेपर्यंत का टिकत नाही, याचे उत्तर या हिशोबात आहे.

भांडे कसे असावे?

हवेतील प्राणवायू पाण्यात शिरतो तो पाण्याच्या पृष्ठभागातून. म्हणून भांड्याची उंची महत्त्वाची नसून तोंडाची रुंदी महत्त्वाची आहे. अरुंद गळ्याच्या घागरीत 15 लिटर पाणी असले तरी ते तळहाताएवढ्या तोंडातूनच श्वास घेते. तेवढेच पाणी पसरट टोपात किंवा टबात ठेवले तर त्याचा हवेशी संबंध कितीतरी पटींनी वाढतो. यास्तव आमिषाचे मासे नेहमी पसरट भांड्यात ठेवावेत व पाणी वीतभर खोल पुरे समजावे.

भांडे कोणत्या धातूचे आहे यासही महत्त्व आहे. तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यातील पाणी माणसाला मानवते. पण तांब्याचा अत्यल्प अंशही मासे, झिंगे व गोगलगाई यांना घातक ठरतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या बादल्या व पिंपे यांतही जस्ताचा अंश पाण्यात उतरतो आणि मासे दगावतात. म्हणून मातीचे, प्लास्टिकचे किंवा सिमेंटचे भांडे वापरावे. सिमेंटची नवी टाकी मात्र लगेच वापरू नये. तिच्यातील चुन्याचा अंश पाणी तीव्र करतो. ती दोन-तीन आठवडे पाण्याने भरून ठेवावी, पाणी अनेक वेळा बदलावे व मगच तिच्यात मासे सोडावेत.

मातीच्या पसरट भांड्याचा एक विशेष गुण आहे. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरून त्याची वाफ होते व आतील पाणी गार राहते. बंगालमध्ये मत्स्यबीजाचे व्यापारी लहान मासे मातीच्या हंड्यांतून दूरदूरच्या गावी नेत असत आणि वाटेत त्या हंड्या सतत हलवत राहत, ते याच कारणाने. मातीमुळे पाणी गार राही आणि हलविण्यामुळे त्यात हवा मिसळे. आज प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी त्या पद्धतीची जागा बव्हंशी घेतली आहे, तथापि तिच्यामागील तत्त्व जुने झालेले नाही.

कीटकनाशकाचा, तणनाशकाचा किंवा रासायनिक खताचा रिकामा डबा, कॅन अथवा पोते आमिषासाठी कधीही वापरू नये. कितीही धुतले तरी त्यात विषाचा अंश राहतो. तो आमिषाला मारतो आणि ज्याच्या हातांनी ते आमिष गळाला लागते, त्याच्याही अन्नात जाऊ शकतो.

गांडुळे

गांडुळ हे सर्वांत सुलभ व सर्वांत अधिक वापरले जाणारे आमिष आहे. गांडुळाला फुप्फुसे नसतात. ते ओलसर त्वचेतून श्वास घेते. त्वचा कोरडी पडली की ते गुदमरते आणि साचलेल्या, हवा नसलेल्या पाण्यात बुडून राहिले तरीही गुदमरते. म्हणून त्याला ओलावा हवा, पण चिखल नको.

ओलावा योग्य आहे की नाही हे हाताने पाहता येते. बिछायतीची मूठभर माती घेऊन घट्ट दाबावी. बोटांतून एखाददुसरा थेंब डोकावला तर ओलावा बरोबर समजावा. पाण्याची धार लागली तर जास्त. मूठ उघडताच माती भुरभुरली तर कमी.

येथे एक भेद लक्षात घेणे जरूर आहे. शेतातील खोल मातीत बिळे करून राहणारी गांडुळे शेणखतात सोडली तर फार दिवस तग धरीत नाहीत. ती ज्या जागी सापडली तेथील मातीसहच ठेवावीत व दोन-तीन दिवसांत वापरावीत. याउलट गांडूळखतासाठी पाळली जाणारी गांडुळे कुजलेल्या शेणात व पालापाचोळ्यातच वाढतात. ज्याच्याकडे गांडूळखताचा वाफा आहे, त्याला आमिषासाठी शेत खणण्याची गरजच उरत नाही. ज्याच्याकडे तो नाही, त्याने एखादे जुने लाकडी खोके किंवा रुंद तोंडाचे मडके घेऊन घरच्या घरी लहानसा साठा करावा.

त्याची रीत अशी. खोक्याच्या तळाला पाणी निचरण्यासाठी बारीक भोके पाडावीत. तळाशी नारळाच्या सोडणाचा अथवा उसाच्या पाचटाचा तीन-चार बोटे थर द्यावा. त्यावर निदान तीन आठवडे जुने, उष्णता निघून गेलेले शेण व कुजलेला पाला मिसळून वीतभर थर द्यावा. ताजे शेण घालू नये. ते कुजताना तापते व गांडुळे खोक्याबाहेर पळू लागतात किंवा मरतात. गोमूत्राने भिजलेला भाग, मीठ, लिंबू-संत्र्याच्या साली आणि तेलकट खरकटे यांत नसावे. वर ओले गोणपाट पसरावे आणि खोके सावलीत, घराच्या थंड बाजूस ठेवावे. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा गोणपाटावर पाणी शिंपडावे. 20 ते 30 अंशांचे तापमान त्यांना मानवते. पत्र्याच्या छपराखाली दुपारी होणारी उष्णता त्यांना सोसवत नाही.

मुंग्या हा गांडुळांचा मोठा शत्रू आहे. खोक्याखाली चार विटा ठेवून प्रत्येक वीट पाण्याने भरलेल्या पसरट ताटलीत ठेवली, तर मुंग्यांची वाट बंद होते. मुंग्यांची पावडर मात्र खोक्याजवळ टाकू नये. कोंबड्या व चिचुंद्र्या यांपासून रक्षणासाठी वर जाळी बांधावी.

अशा खोक्यात गांडुळे आपोआप वाढतात. त्यांची अंडकोशिका लिंबाच्या बीपेक्षा लहान व पिवळसर असते. तिच्यातून साधारण तीन ते चार आठवड्यांत पिले बाहेर पडतात व पुढे सुमारे दोन महिन्यांत ती पूर्ण वाढतात. म्हणून सर्व मोठी गांडुळे एकदम काढून घेऊ नयेत. निदान तिसरा हिस्सा बीज म्हणून राखावा.

मासेमारीच्या आदल्या दिवशी लागतील तेवढी गांडुळे वेचून, पाण्याने ओलसर केलेल्या स्वच्छ काथ्यात किंवा शेवाळात ठेवावीत. एका दिवसात त्यांच्या पोटातील माती निघून जाते, त्वचा चिवट होते आणि गळाला लावताना ती तुटत नाहीत. साठ्यात एखादे गांडूळ मेलेले आढळल्यास ताबडतोब काढून टाकावे. एकाच्या कुजण्याने उरलेली सर्व नासतात, हा नियम फळांच्या टोपलीप्रमाणेच येथेही लागू पडतो.

गांडुळे गोळा करताना शेताचे बांध, कालव्याचे भराव किंवा पाझर तलावाची भिंत कधीही खणू नये. मूठभर आमिषासाठी पाडलेल्या खड्ड्यातून पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटू शकतो.

लहान मासे

मरळ, शिवडा व शिंगाळा यांच्यासाठी खवलीसारखे बोटभर लांबीचे मासे आमिष म्हणून वापरतात. ते ज्या पाण्यात मासेमारी करावयाची त्याच पाण्यातून धरावेत; याचे कारण पुढे दिले आहे. जलाशय मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे ठेक्याने असेल तर संस्थेची परवानगी घ्यावी. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली आमिषासाठी धरू नयेत. ती संस्थेने पैसे खर्चून सोडलेली असतात आणि वर्षभरात प्रत्येकी अर्धा ते एक किलोपर्यंत वाढू शकतात. पंचवीस बोटुकली गळाला लावणारा माणूस पुढल्या वर्षीचे कित्येक किलो मासे आजच गमावतो.

मासे धरल्यानंतरची पहिली दहा मिनिटे फार महत्त्वाची असतात. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर हे त्याचे कवच आहे. कोरड्या हाताने धरल्यास किंवा खरखरीत जाळ्यावर घासल्यास तो थर निघतो व तेथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कापसासारखी बुरशी दिसू लागते. म्हणून हात ओले करावेत, मऊ व बारीक आसाचे जाळे वापरावे आणि शक्यतो मासे पाण्याबाहेर न काढता तांब्याने नव्हे, तर प्लास्टिकच्या मग्याने पाण्यासकट उचलावेत. जखमी मासे लगेच वेगळे करावेत.

साठवणीच्या दोन पद्धती आहेत. पहिली व उत्तम पद्धत हाप्याची होय. बारीक जाळीच्या कापडाचा, वरून झाकता येईल असा पेटीसारखा हापा शिवून तो चार बांबूंच्या आधाराने नदीत, शेततळ्यात किंवा तलावात बांधावा. पाण्याचा फार मोठा साठा भोवती असल्यामुळे प्राणवायू सतत मिळतो व घाण वाहून जाते. हाप्याचा तळ चिखलाला टेकू नये. किमान हातभर अंतर राहावे. गर्द हिरव्या किंवा शेवाळाने भरलेल्या पाण्यात हापा बांधू नये. अशा पाण्यात दिवसा प्राणवायू भरपूर असतो, परंतु रात्री वनस्पतीच तो वापरतात आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. सूर्योदयाच्या सुमारास मासे पाण्यावर तोंडे काढताना दिसले, तर ती जागा योग्य नाही असे समजावे. हाप्याची जाळी शेवाळाने बुजते, ती दर दोन-तीन दिवसांनी मऊ ब्रशाने साफ करावी.

दुसरी पद्धत टबाची. लिटरमागे बोटभर लांबीचा एक मासा, हे प्रमाण सहसा ओलांडू नये. विजेवर किंवा बॅटरीवर चालणारे हवेचे लहान पंप मिळतात. तो लावल्यास दुप्पट मासे ठेवता येतात, परंतु वीज गेली की दाट भरलेला टब सर्वांत आधी मरतो, हे विसरू नये. पंप नसल्यास मग्याने पाणी उचलून हातभर उंचीवरून धार धरावी. दर तासाला पाच मिनिटे असे केल्याने पाण्यात पुष्कळ हवा मिसळते.

पाणी कोणते घ्यावे यासंबंधी तीन सूचना उपयुक्त ठरतील. एक, नळयोजनेच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतो व तो माशांच्या कल्ल्यांना जाळतो. हे पाणी उघड्या पसरट भांड्यात एक दिवस ठेवावे, मधूनमधून ढवळावे आणि मग वापरावे. दोन, कूपनलिकेचे पाणी स्वच्छ व गार दिसले तरी त्यात प्राणवायू बहुधा फारच कमी असतो. ते आधी उंचावरून ओतून किंवा चाळणीतून पाडून हवेशीर करावे. तीन, पाणी बदलताना एकदम सर्व न बदलता रोज तिसरा हिस्सा काढून तेवढेच नवे घालावे. जुन्या व नव्या पाण्याच्या तापमानात दोन-तीन अंशांहून अधिक फरक नसावा.

तीन दिवसांपर्यंत ठेवावयाच्या माशांना काहीही खाऊ घालू नये. दयाबुद्धीने टाकलेला भात तळाशी कुजतो आणि त्यातून, तसेच माशांच्या मलातून, अमोनिया निर्माण होतो. हा वायू अल्प प्रमाणातही त्यांना मारक आहे. अधिक दिवस ठेवावयाचे असल्यास भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड समभाग मिसळून, दहा मिनिटांत संपेल एवढीच चिमूट दिवसातून एकदा द्यावी. उरलेले काढून टाकावे.

धरताना दमलेल्या माशांसाठी साध्या मिठाचा उपयोग होतो. लिटरला 3 ग्रॅम, म्हणजे 20 लिटर पाण्यास 60 ग्रॅम मीठ आधी वेगळे विरघळवून घालावे. त्यामुळे गोड्या पाण्यातील माशांच्या शरीरातील क्षार बाहेर जाण्याचे प्रमाण घटते व ते लवकर सावरतात. जास्त मीठ म्हणजे जास्त गुण, असा समज करून घेऊ नये.

झिंगे व खेकडे

गोड्या पाण्यातील झिंगे व खाडीतील कोळंबी ही अनेक माशांना प्रिय असतात. कोकणात जिताडा व तांबोशी यांच्यासाठी जिवंत कोळंबी गळाला लावतात. कोळंबी साठविताना तिच्या दोन सवयी ध्यानात घ्याव्यात. ती उडी मारून भांड्याबाहेर जाते, म्हणून भांड्यावर जाळी बांधावी. तसेच ती मधूनमधून कात टाकते. त्या वेळी तिचे अंग मऊ असते व इतर कोळंब्या तिला खातात. म्हणून तळाशी कौलांचे तुकडे किंवा नारळाच्या झावळीचे तुकडे ठेवून लपण्याची सोय करावी.

खाडीची कोळंबी विहिरीच्या गोड्या पाण्यात टाकू नये. ज्या खाडीतून ती धरली तेथलेच पाणी पिंपात भरून आणावे व सावलीत ठेवावे. तीन-चार तासांचाच प्रवास असेल तर पाण्याची गरजही नसते. कल्ले ओलसर व गार राहिले तर कोळंबी काही तास पाण्याविना जगते. जपानमध्ये जिवंत कोळंबी गार केलेल्या लाकडाच्या भुशात भरून बाजारात पाठवितात, ती याच गुणावर. आपल्याकडे खाडीच्या पाण्यात भिजविलेले जाड कापड व टोपली यांनी हेच काम साधते.

खेकड्यांच्या बाबतीत पुष्कळांची उलट चूक होते. खेकडा पाण्यातला म्हणून त्याला पाणी भरलेल्या बादलीत ठेवतात. दहा-वीस खेकडे थोड्याशा साचलेल्या पाण्यातील प्राणवायू लवकर संपवितात आणि गुदमरून मरतात. त्यापेक्षा ते ओल्या गोणपाटाने झाकलेल्या टोपलीत, सावलीत ठेवावेत. नांग्या बांधाव्यात, म्हणजे ते एकमेकांना मोडणार नाहीत.

बेडकांविषयी

मरळीसाठी लहान बेडूक गळाला लावण्याची चाल काही भागांत आहे. ती सोडून देणे शेतकऱ्याच्याच हिताचे आहे. बेडूक भातखाचरातील किडे खातो व त्याचे काम फुकट करतो. बेडकांच्या पायांची परदेशी होणारी निर्यात भारताने 1987 साली बंद केली. मरळ गांडुळांवर व लहान माशांवरही तितक्याच आवडीने येते.

मिनिकॉयचा धडा

जिवंत आमिषाचे मोल किती मोठे असू शकते याचे उदाहरण लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर पाहावयास मिळते. तेथे कुपा जातीचे मासे काठी व गळ यांनी धरण्याची जुनी परंपरा आहे. होडी प्रथम लगूनमध्ये जाते व प्रवाळांच्या आसपासचे लहान मासे जाळ्याने धरते. हे मासे होडीतील टाकीत ठेवतात. टाकीच्या तळाला भोके असतात. त्यांतून समुद्राचे ताजे पाणी सतत खेळते राहते. कुप्यांचा थवा दिसला की हे जिवंत मासे मूठमूठ पाण्यात फेकतात. त्यामुळे थवा होडीजवळ येतो व काठ्यांनी एकामागून एक कुपे वर ओढले जातात. आमिष मिळाले नाही किंवा टाकीत मेले, तर समुद्रात मासे असूनही तो दिवस वाया जातो. म्हणून तेथील मच्छीमार आमिषाची निगा होडीच्या निगेइतकीच महत्त्वाची मानतो. तत्त्व तेच आहे: पाणी ताजे, भांडे योग्य, दाटी बेताची.

वाहतूक

तलावापर्यंतचा प्रवास पहाटे किंवा संध्याकाळी करावा. माशांना आदल्या दिवशी उपाशी ठेवावे, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. भांडे दोन-तृतीयांशच भरावे; वरच्या मोकळ्या जागेमुळे सायकल किंवा मोटारसायकल चालताना पाणी हिंदकळून त्यात हवा मिसळते. भांड्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. उन्हाळ्यात गारवा हवा असल्यास बर्फ थेट पाण्यात टाकू नये. बाटलीत पाणी गोठवून ती घट्ट बंद बाटली पाण्यात तरंगत ठेवावी.

गांडुळे ओल्या कापडी पिशवीत किंवा केळीच्या सोपात गुंडाळून न्यावीत. पत्र्याचा डबा उन्हात काही मिनिटांतच तापतो. तलावावर पोहोचल्यावर मासे एकदम नव्या पाण्यात सोडू नयेत. पंधरा-वीस मिनिटे थोडेथोडे तलावाचे पाणी भांड्यात मिसळत जावे.

उरलेले आमिष पाण्यात सोडू नका

दिवस संपल्यावर उरलेले मासे तलावात सोडून देणे हे पुष्कळांना पुण्यकर्म वाटते. ते मासे त्याच तलावातील असतील तर हरकत नाही. परंतु दुसऱ्या नदीतून, शेततळ्यातून किंवा बाजारातून आणलेले मासे सोडणे धोक्याचे आहे. एक जोडीही पुढे सर्व तलावाचा कब्जा घेऊ शकते. 1952 साली भारतात आणलेला तिलापिया आज अनेक जलाशयांत पसरला असून तेथील देशी माशांना अन्नासाठी व जागेसाठी त्याच्याशी झगडावे लागते. परदेशी आफ्रिकन मागूर हा तर इतर माशांना व त्यांच्या पिलांना खाऊन टाकणारा आहे; त्याच्या संवर्धनावर केंद्र शासनाने 2000 साली बंदी घातली. आमिष म्हणूनही तो वापरू नये, बाळगू नये.

माशांबरोबर त्यांचे रोगही प्रवास करतात. माशांच्या अंगावर खोल व्रण पाडणारा साथीचा रोग 1988 साली देशाच्या ईशान्य भागात आला आणि पुढे पुष्कळ राज्यांत पसरला. एका बादलीतील पाण्याबरोबरही अशा रोगाचे बीज एका तलावातून दुसऱ्यात जाऊ शकते. म्हणून परक्या पाण्यातील उरलेले आमिष व त्याचे पाणी तलावात न टाकता काठापासून दूर जमिनीत पुरावे अथवा खताच्या खड्ड्यात टाकावे. भांडी व जाळी उन्हात कडकडीत वाळवावीत.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

ही माहिती सभेत सांगण्यापेक्षा दाखविल्यास अधिक पटते. एक अरुंद तोंडाची प्लास्टिकची कॅन व एक पसरट टब घ्यावा. दोहोंत एकाच विहिरीचे, हवेशीर केलेले दहा-दहा लिटर पाणी व सारखेच दहा-दहा मासे घालावेत. दोन्ही भांडी सावलीत शेजारी ठेवावीत आणि सभा सुरू करावी. थोड्याथोड्या वेळाने गावकऱ्यांनाच पाहावयास सांगावे: मासे वर तोंडे काढू लागले ते कोणत्या भांड्यात आणि केव्हा? कॅनमधील मासे धापा टाकू लागताच त्यांना टबाच्या पाण्यात हलवावे. मासे मारून दाखविण्याची आवश्यकता नाही. ते सावरताना दिसले की मुद्दा अधिक ठसतो. गांडुळांसाठी ओलाव्याची मूठ-परीक्षा प्रत्येकाकडून करून घ्यावी. शाळेतील मुलांना हे दोन्ही प्रयोग विशेष आवडतात आणि घरी जाऊन तीच मुले वडिलांना शिकवितात.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

1. भांडे पसरट असावे. तांबे, पितळ व नवा जस्ती पत्रा टाळावा.

2. लिटरमागे बोटभर लांबीचा एक मासा, यापेक्षा दाटी करू नये.

3. सावली व गारवा हेच निम्मे औषध होय.

4. गांडुळांना ओलावा द्यावा, चिखल करू नये; मुंग्यांपासून जपावे.

5. मेलेला प्राणी दिसताच काढावा.

6. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतलेला असला तरी वापरू नये.

7. संस्थेने सोडलेली बोटुकली व बेडूक आमिष म्हणून धरू नयेत.

8. परक्या पाण्यातील आमिष तलावात सोडू नये.

जो मच्छीमार आमिषाची अशी निगा राखतो, त्याला आज शंभर जीव धरून साठ फेकावे लागत नाहीत. चाळीसच धरले तरी त्याचे काम भागते. त्यात त्याचा वेळ वाचतो, नदीनाल्यांतील लहान मासे वाचतात आणि पुढील हंगामात मोठे मासे मिळण्याची आशा राहते. आमिष जिवंत ठेवणे म्हणजे काही अंशी तलावच जिवंत ठेवणे होय.